डबा लपवला, पण राखणार कोण?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. धुळ्याला देवपुरात राहते. मुलगा-सून नोकरीसाठी सिअॅटलला आहेत. अकरा वर्षांचा नातू दिवाळीत तीन आठवड्यांसाठी येतोय. फोनवर त्याचं एकच चाललंय, “आजी, या वेळी आपण जिओकॅशिंग करायचं. आणि मी जायच्या आधी लळिंगच्या किल्ल्यावर माझा डबा लपवायचा.” हा काय खेळ आहे? माझ्या वयाला झेपेल का? आणि दगड उचकताना कुणी पाहिलं तर पोलिसांत तर देणार नाही ना?
– एक वाचक, धुळे

उत्तर : बाई, आधी नावाचा घोळ मिटवू. यातलं ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आलाय. भर रिक्षात नातू मोठ्यानं म्हणाला, “आजी, किल्ल्यावर कॅश लपवू,” तर शेजारचा माणूस कान टवकारेल, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.

खेळ सोपा आहे. कुणीतरी एक डबा ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या अॅपवर जाहीर करतो आणि बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधायला निघतात. डब्यात एक वही असते. डबा सापडला की वहीत आपलं खेळातलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा, होता तिथंच ठेवायचा आणि घरी येऊन अॅपवर नोंद करायची. डब्यात बिल्ला, गोटी, चावीची साखळी असलं काही असेल तर ते घेता येतं, पण त्याच्या तोडीचं आपलं काही ठेवावं लागतं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. शब्द हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला आहे, नातवाला तो पाठ असणार. ‘मगल’ पाहत असताना डब्याला हात लावायचा नाही, हा शिष्टाचार. आपल्याकडे कुणी पाहत नाही अशी वेळ कधी येते, हा प्रश्न वेगळा.

या खेळाची जन्मतारीख पक्की माहीत आहे. १ मे २०००पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात मुद्दाम भेसळ करत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. त्या दिवशी ती भेसळ बंद झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या संगणकवाल्यानं ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धीअधिक जमिनीत पुरली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि बीन्सचा टिन होता. आजच्या नियमांत ती बादली दोनदा नापास झाली असती, कारण आता खड्डा खणायचा नाही आणि खाण्याचं काही ठेवायचं नाही. त्याच सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी यासाठी संकेतस्थळ काढलं तेव्हा जगात मिळून ७५ डबे होते. आज ते तीस लाखांच्या वर गेलेत. ते संकेतस्थळ चालवणारी कंपनी नातवाच्या सिअॅटलचीच. तिकडे गल्लीबोळांत डबे आहेत. भारतात ते विरळ, आणि खानदेशचा नकाशा बराचसा कोराच. तेव्हा ‘रोज तीन शोधू’ हा त्याचा बेत धुळ्यात उतरल्या दिवशीच मोडेल. त्याची तयारी ठेवा.

आता तुमच्या विषयाचं, म्हणजे गणिताचं. (तुम्ही भाषा शिकवत असाल तर माफ करा, पण हे गणित पाचवीचं आहे.) मोबाइलच्या नकाशावर धुळे शहर साधारण २०.९०, ७४.७७ असं दिसतं. खेळात तीच जागा अंश आणि मिनिटांत लिहितात, २०° ५४′ आणि ७४° ४६′. दशांशाला साठानं गुणलं की मिनिटं मिळतात : ०.९ गुणिले ६० म्हणजे ५४. नवशिक्याचा पाय इथंच घसरतो. चोपन्न मिनिटं म्हणजे पॉइंट चोपन्न असं समजून कुणी २०.५४, ७४.४६ टाइप केलं तर मोबाइल त्याला पन्नास किलोमीटर लांब, मालेगावच्या पलीकडे नेऊन उभा करतो. धुळ्याचा डबा शोधायला निघालेला माणूस मालेगावला चहा पिऊन परत येतो. म्हणून नातवाच्या आधी हा गुणाकार तुम्ही हातानं करून पाहा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १ किलोमीटर ८५० मीटर. त्याचे तीन दशांश लिहिले की जागा दोन मीटरच्या आत येते. निदान कागदावर तरी.

कागदावर म्हणायचं कारण असं, की मोकळ्या माळावर चांगला मोबाइल चार-पाच मीटरच्या आत बोट ठेवतो, पण दाट कडुनिंबाखाली, उंच भिंतीलगत किंवा घळीत तोच दहा-वीस मीटर भरकटतो. मी पहिल्यांदा सराव केला तो एरंडोलकडे एका मित्राच्या शेतात. त्यानं बांधावर डबा ठेवला, आकडे पाठवले आणि तो घरी निघून गेला. मी मोबाइल छातीशी धरून एका बोरीभोवती वीस मिनिटं प्रदक्षिणा घालत होतो. बाण कधी इकडे, कधी तिकडे. त्याचा सालदार लांबून बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “काय धुंडी ऱ्हायना भो?” मी सांगितलं. त्यानं मोबाइलकडे पाहिलंही नाही. बांधावर नजर फिरवली, एक दगड उचलला आणि डबा काढून हातात दिला. कसं ओळखलंस, विचारलं तर म्हणे, या दगडाची ओली बाजू वर आली होती.

शोधण्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. शेवटच्या दहा मीटरवर मोबाइल खिशात घालायचा आणि जिथं काहीतरी जागचं हललंय ते बघायचं : एकावर एक रचलेले तीन दगड, ढोलीत तोंडाशी खोचलेला पाला, उगाचच नवी दिसणारी तार. तुमच्या वयाला झेपेल का म्हणता, तर वर्गात शेवटच्या बाकावर कोण काय लपवतंय हे ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं ओळखलं त्यांना हे जमणार नाही? हात मात्र आधी घालू नका. कपार असो की ढोली, अगोदर काठी. दिवाळीत विंचू-साप अजून बाहेर असतात. प्रत्येक डब्याला अवघडपणाचे आणि वाटेचे एक ते पाच असे दोन आकडे दिलेले असतात. तुम्ही वाटेचा दीडपर्यंतचा आकडा निवडा, पुढचे नातवाला सोडा.

धुळ्यात आल्यावर पहिल्या रविवारी त्याला डबाच नसलेल्या ठिकाणी न्या, अशी माझी शिफारस आहे. जिथं पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात त्या जागी जायचं, चारी दिशांचे फोटो काढायचे, असा एक जागतिक उपक्रम १९९६पासून चालू आहे. अॅलेक्स जॅरेट या अमेरिकी माणसानं तो सुरू केला. खानदेशचं भाग्य असं, की एकवीस अंशांचा अक्षांश आपल्या प्रदेशाच्या मधोमध आडवा जातो. त्यावर ७४, ७५ आणि ७६ हे तिन्ही छेदबिंदू आपल्याकडे पडतात. पहिला पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगरात, तिसरा मुक्ताईनगरच्या दक्षिणेला आणि मधला, तुम्हाला सोयीचा, अमळनेरच्या नैऋत्येला काही किलोमीटरवर. तिकडे जा, शेतमालकाला विचारा, पिकात पाय घालू नका आणि पडद्यावर २१ आणि ७५च्या पुढे शून्यांची रांग लागेपर्यंत नातवाला सरकू द्या. ही रांग लावायला किती वेळ जातो ते बघा! एक पाऊल पूर्वेला टाकलं की पाचवा दशांश बदलतो.

ओघात आलं म्हणून सांगतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांची मूळ रेखा ग्रिनिचवरून जात नसे. ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी मानलेली. उज्जैनचा रेखांश पावणेशहात्तर अंशांच्या किंचित पुढे आहे आणि आपल्या भुसावळचाही जवळजवळ तोच. म्हणजे हिंदुस्थानचा शून्य रेखांश भुसावळवरून जातो. ही गोष्ट भुसावळच्या फलाटावर का लिहिलेली नाही, मला कळत नाही. या रेखेवरच्या गावांच्या अक्षांशांतून पृथ्वीचा परीघ काढायची रीत भास्कराचार्यांनी दिली. त्यांचं उत्तर ४९६७ योजनं. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. तिथं नातवानं आजोबांचं राखलं. तुमच्या घरी उलटं होणार आहे, कारण आता येतो लपवण्याचा भाग.

शोधणाऱ्याची जबाबदारी पाच मिनिटांची असते, लपवणाऱ्याची वर्षानुवर्षांची. डबा भिजला, फुटला, वही भरली, माकडानं नेला, तर जाऊन नीट करायचं काम मालकाचं. म्हणून सुट्टीत आलेल्या पाहुण्यानं डबा ठेवून विमानात बसावं, हे नियमात बसत नाही. डबा जाहीर होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक तो तपासतो, आणि राखण कोण करणार, हे त्याला पटवावं लागतं. आमच्याकडे भुईमुगाला, ज्वारीला राखण लागते, तशी डब्याला लागते. तेव्हा नातवाचा डबा धुळ्यात राहायचा असेल तर खातं तुमच्या नावानं निघालं पाहिजे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही तिथं जायला पाहिजे. आता सांगा, लळिंगचा डोंगर दर दोन महिन्यांनी चढणार का? त्यातून किल्ला म्हणजे पुरातत्त्व आणि वनखातं दोघांना विचारणं आलं. आणि जुन्या किल्ल्यावर दगड हलवणारा माणूस दिसला की आपल्याकडे एकच तर्क होतो : गुप्तधन. ही भीती पोकळ नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार होतात म्हणून २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा समावेश करावा लागला. शिवाय १८७८चा एक कायदा अजून जिवंत आहे, त्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. नातवाच्या चावीच्या साखळीपायी कलेक्टर कचेरी गाठायची वेळ येणार नाही, पण किल्ला टाळा. लळिंगला जा, बघा, डबा न ठेवता उतरा.

मी तुमच्या जागी असतो तर धुळे शहरच वापरलं असतं. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जनं सरळ रस्ते आखून हे गाव वसवलं आणि आपण आजही पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असंच सांगतो. या खेळात टप्प्याटप्प्यानं शोधायचे डबे असतात. पहिल्या जागी एक आकडा मिळतो, दुसऱ्या जागी दुसरा, ते जुळवून शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश तयार होतात. ज्या शहरात गल्ल्यांनाच आकडे आहेत तिथं कोडं रचायला अर्धा दिवस पुरे. गल्लीत काहीच ठेवायचं नाही, फक्त आकडा वाचायचा. खरा डबा शेवटी तुमच्या स्वतःच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यावरून हात पोचेल असा. परवानगी तुमची, राखण तुमची, आणि कुणी कुठून आला होता हे वहीत वाचायला तुम्हाला उंबरठा ओलांडला की झालं. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगा, नाहीतर कुंपणात हात घालणाऱ्या पहिल्या पाहुण्याचं काही खरं नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे ट्रेकर. पाटणादेवीच्या जंगलात, धवलतीर्थाच्या वाटेवर एक मोठा डबा ठेवायचा विचार आहे. कसा वाटतो?
– चाळीसगाव

उत्तर : वाईट. ते गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून तिथं वस्तू ठेवून येणं म्हणजे कचरा करणं, आणि डबा शोधायला लोक वाट सोडून झाडीत शिरणार ते वेगळंच. यावल आणि अनेर धरणाच्या अभयारण्यांनाही हेच लागू.

तुमची हौस मोडू नये म्हणून दुसरी वाट सांगतो. ‘अर्थकॅश’ नावाच्या प्रकारात डबा नसतोच. भूगर्भाच्या दृष्टीनं बघण्यासारख्या जागी माणसाला न्यायचं, तिथं उभं राहून निरीक्षण केल्याशिवाय देता येणार नाहीत असे दोन-तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं कळवली की शोध पूर्ण. दगडाचा तुकडाही न्यायचा नाही. जागेच्या मालकाची संमती इथंही लागते. यासाठी खानदेशासारखी भूमी शोधून सापडणार नाही. चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. पाणी कशानं तापतं, हा प्रश्न तिथं आयताच उभा राहतो. त्याहून मला आवडतात त्या धुळे-साक्री-नंदुरबार भागातल्या काळ्या दगडाच्या भिंती. रानात मैलोन्‌मैल कुणी बांधून सोडून दिल्यासारख्या, बहुतेक पूर्व-पश्चिम. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात जमिनीला ज्या भेगा पडल्या, त्यांत खालून रस चढला आणि तिथंच थिजला. पुढं आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, भिंत राहिली. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि जगभरातले अभ्यासक त्या बघायला येतात. आपण बसमधून जाताना त्यांना टेकडी समजतो. एक भिंत निवडा, तिची रुंदी पावलांनी मोजा, कडेचा दगड आणि मधला दगड यांत बारीक कोणता, खडबडीत कोणता, ते विचारा. कडेचा रस लवकर थंड होतो म्हणून तो बारीक. बघा, निम्मा अर्थकॅश तयार झाला.

प्रश्न : रेल्वेच्या गावात राहतो. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. असे डबे लपवणं धोक्याचं नाही?
– भुसावळ

उत्तर : चुकीच्या जागी धोक्याचंच. इंग्लंडमध्ये वेदरबी नावाच्या गावात २०११ साली एका कॅफेबाहेरचा असाच खेळातला डबा बॉम्बशोधक पथकानं उडवून दिला. रस्ता बंद, लोक बाहेर, आणि आत निघाली वही. तुमच्याकडे तर रेल्वे जंक्शन, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, वर हतनूर धरण. यांच्या आसपासही नको. बसस्थानक, शाळेचं कुंपण, पूल, देवळं, दर्गे हेही नकोत. डबा शक्यतो पारदर्शक घ्या आणि वर ठळक मराठीत लिहा : हा खेळाचा डबा आहे, आत फक्त वही आहे.

जळगाव जिल्ह्यात एक खास मोह आहे, तोही सांगतो. ठिबकचे उरलेले पीव्हीसी पाइप इथं शेताशेतात पडलेले असतात. हातभर तुकडा, दोन्ही टोकांना टोपणं, पाणी जाणार नाही असा फुकटचा डबा! पण तो हुबेहूब सिनेमातल्या बॉम्बसारखा दिसतो. तेवढा मोह आवरा.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. साधा जीपीएस किंवा मोबाइल चालतो. डोंगरात वापरतात ते उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र तिकडेच ठेवून या. परवान्यावाचून ते जवळ बाळगल्याबद्दल आपल्या विमानतळांवर पर्यटक अडकले आहेत.

प्रश्न : मेहरूण तलावाकाठी रोज फिरणारे आम्ही सहा जण हा खेळ सुरू करू म्हणतो. खर्च किती? डब्यात काय काय ठेवावं?
– जळगाव

उत्तर : अॅपची साधी सदस्यता फुकट आहे, पैसे भरून मिळणाऱ्या सोयींची पहिल्या वर्षी गरज नाही. सुरुवातीला अॅपही नको. सहा जणांनी सहा रविवार वाटून घ्या, प्रत्येकानं आपल्या शेतात किंवा वाड्यात डबा ठेवावा आणि आकडे व्हॉट्सअॅपवर टाकावेत. जाहीर डबा ठेवायचा झाल्यास तलावाकाठी महापालिकेला विचारा, आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं ते लक्षात ठेवा.

श्रीखंडाचा रिकामा डबा वापरू नका. आपल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर गेला की त्याचं झाकण वाकडं होतं, आणि वास राहिला तर आधी मुंग्या येतात, मग वानरं. चारी बाजूंनी कड्या आणि आत रबर असलेला जाड डबा घ्या, तो सावलीत ठेवा. आत वही, वहीला प्लास्टिकची पिशवी, मुलांसाठी दोन-चार बिल्ले. काडेपेटी, फटाके, औषधं, गोळ्या-बिस्किटं काही नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि डबा सापडला तरी परत येववत नाही.

आणि वहीसोबत पेन ठेवू नका, पेन्सिल ठेवा. जुलैच्या ओलीत शाई पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं राहतं.